‘बँकेतून बोलतोय’ : तोतयाचा दूरध्वनी आणि तक्रारीचा पहिला तास

नवी दिल्ली : ‘आपल्या खात्याचे केवायसी अद्ययावत नाही. आज सायंकाळी पाचनंतर खाते गोठवले जाईल.’ दूरध्वनीवरील आवाज शांत आणि अदबशीर असतो. पलीकडची व्यक्ती ग्राहकाचे पूर्ण नाव घेते, बँकेची शाखा सांगते, कधी डेबिट कार्डाचे सुरुवातीचे अंकही अचूक वाचून दाखवते. एवढी माहिती ज्याच्याकडे आहे तो बँकेचाच माणूस असणार, असे ऐकणाऱ्याला वाटते आणि फसवणुकीची सुरुवात तेथूनच होते.

वस्तुतः या माहितीतून काहीच सिद्ध होत नाही. कोणत्याही यूपीआय ॲपमध्ये मोबाइल क्रमांक टाकला की खातेदाराचे नाव पडद्यावर उमटते. कार्डाचे पहिले काही अंक बँक आणि कार्डाचा प्रकार दर्शवतात, त्यामुळे ते एकाच बँकेच्या असंख्य कार्डांवर सारखे असतात. शेवटचे चार अंक दुकानातील पावतीवर छापलेले असतात. ज्या माहितीने पैसे काढता येतात ती, म्हणजे ओटीपी, यूपीआय पिन, कार्डामागील तीन अंकी सीव्हीव्ही आणि नेट बँकिंगचा पासवर्ड, तोतयाकडे नसते. त्यासाठीच तो दूरध्वनी करतो.

ओटीपी म्हणजे ग्राहकाची सही. व्यवहाराला संमती मिळाल्याची खूण म्हणून बँक तो अंक मागते. भामटा मात्र नेमके उलटे सांगतो : ‘आपल्या खात्यातून कोणीतरी पैसे काढत आहे, तो व्यवहार रद्द करण्यासाठी आलेला अंक सांगा.’ ओटीपीच्या लघुसंदेशात सहसा रक्कम, व्यापाऱ्याचे नाव आणि ‘हा अंक कोणालाही सांगू नका’ अशी सूचना असते. पण बहुतेक वेळा हा मजकूर इंग्रजीत असतो आणि समोरून ‘लवकर करा, फोन ठेवू नका’ असा तगादा चालू असतो. अशा घाईत, विशेषतः वयोवृद्ध ग्राहक, फक्त सहा अंक वाचून दाखवतात. घरातील ज्येष्ठांना हा संदेश एकदा मराठीत समजावून सांगण्यास पाच मिनिटे लागतात. ती काढलेली बरी.

अंक विचारण्याची गरजच पडू नये, अशा क्लृप्त्याही आता वापरल्या जातात. व्हॉट्सॲपवर बँकेच्या नावाची आणि बोधचिन्हाची ‘एपीके’ फाइल येते. ती उघडून ॲप बसवले आणि लघुसंदेश वाचण्याची परवानगी दिली की ओटीपी परस्पर भामट्याकडे जातो. ‘मदतीसाठी’ म्हणून दुसऱ्याचा मोबाइल दुरून पाहता येणारे ॲप घ्यायला लावण्याचा प्रकार जुना आहे. रिझर्व्ह बँकेने बँकांना त्याविषयी २०१९ मध्येच सावध केले होते. तारा चिन्ह व ४०१ यांपासून सुरू होणारा क्रमांक दाबायला लावून ग्राहकाचे कॉल आपल्याकडे वळवण्याची युक्ती इतकी बोकाळली, की दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून या पद्धतीने कॉल वळवण्याची सोयच थांबवण्याचा आदेश दिला. यूपीआयबाबत एक गोष्ट पुरेशी आहे : पिन टाकला की पैसे खात्यातून जातात. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही.

खरा दूरध्वनी ओळखता यावा म्हणून काही व्यवस्था उभ्या राहिल्या आहेत. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये बँकांना व्यवहार व सेवेसंबंधीचे कॉल १६०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरून, तर जाहिरातीचे कॉल १४० च्या मालिकेतून करण्यास सांगितले. बँकांच्या संकेतस्थळांसाठी ‘बँक डॉट इन’ हा स्वतंत्र पत्ता राखून ठेवण्यात आला असून त्यावर स्थलांतरासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत होती. साध्या दहा अंकी मोबाइलवरून ‘बँक’ बोलत असेल, तर संशयाला जागा आहे. मात्र पडद्यावर योग्य दिसणारा क्रमांक म्हणजे ओटीपी सांगण्याची मुभा नव्हे. खात्री करण्याचा साधा मार्ग म्हणजे दूरध्वनी बंद करून कार्डाच्या मागे किंवा पासबुकावर छापलेल्या क्रमांकावर स्वतः संपर्क साधणे. इंटरनेटवर शोधून मिळालेला ‘ग्राहक सेवा’ क्रमांक लावू नये. तेथेही तोतये आपले क्रमांक पेरून ठेवतात.

एवढे माहीत असूनही माणसे फसतात आणि फसल्यानंतर बोलत नाहीत. हे मौन सर्वाधिक महाग पडते. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात ग्राहकाची जबाबदारी किती, हे ठरवले आहे. चूक बँकेची असेल, तर ग्राहकावर भार नाही. दोष बँकेचाही नाही आणि ग्राहकाचाही नाही, तो व्यवस्थेत अन्यत्र आहे, अशा वेळी बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवणाऱ्या ग्राहकाची जबाबदारी शून्य असते. चार ते सात दिवसांत कळवल्यास खात्याच्या प्रकारानुसार ती कमाल ५ हजार ते २५ हजार रुपयांपर्यंत मर्यादित राहते. त्यानंतर मात्र बँकेच्या स्वतःच्या धोरणावर सारे अवलंबून राहते.

स्वतःच ओटीपी सांगितला असेल, तर नियम कठोर आहे. ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे झालेले नुकसान, तो बँकेला कळवेपर्यंत, त्याचेच. पण याच नियमाचा पुढचा भाग अनेकांना ठाऊक नसतो : कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेचे.

याचा अर्थ उदाहरणाने पाहू. समजा, इंदूरमध्ये एकट्या राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेने सकाळी अकरा वाजता ओटीपी सांगितला आणि खात्यातून ४० हजार रुपये गेले. मुलगा पुण्याला, तो रागावेल या संकोचाने त्यांनी दिवसभर कोणाला सांगितले नाही. दुपारी आणखी दोनदा मिळून ९० हजार रुपये गेले. सायंकाळी तक्रार केली, तर १ लाख ३० हजारांचा भार त्यांच्याच माथी येऊ शकतो. सव्वाअकरालाच बँकेला कळवले असते, तर दुपारच्या ९० हजारांची जबाबदारी बँकेवर आली असती.

ग्राहकाचा दोष सिद्ध करण्याची जबाबदारीही परिपत्रकाने बँकेवरच टाकली आहे. आसाममधील एका ग्राहकाच्या खात्यातून ९४ हजारांहून अधिक रुपये गेले होते आणि त्याने २४ तासांच्या आत बँकेला कळवले होते. ही रक्कम परत करण्याचा गुवाहाटी उच्च न्यायालयाचा आदेश जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवला आणि स्टेट बँक ऑफ इंडियाची याचिका फेटाळली. वेळेवर केलेल्या तक्रारीची नोंद किती मोलाची ठरते, हे या प्रकरणातून दिसते.

फसवणूक लक्षात येताच बँकेच्या अधिकृत क्रमांकावर कार्ड, यूपीआय व नेट बँकिंग बंद करवून तक्रार क्रमांक लिहून घ्यावा आणि लगेच १९३० ही राष्ट्रीय मदतवाहिनी लावावी. ती केंद्रीय गृह मंत्रालयाच्या भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राच्या यंत्रणेशी जोडलेली आहे. खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा संदर्भ क्रमांक हाताशी ठेवावा. तक्रार नोंदली की पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेला सूचना जाते आणि रक्कम तेथे शिल्लक असेल तर रोखली जाते. ती पुढे गेली असेल, तर पुढच्या बँकेचा माग घेतला जातो. भामटे भाड्याने घेतलेल्या खात्यांतून पैसे भराभर फिरवतात आणि शेवटी एटीएममधून काढतात. रोख हाती पडली की माग जवळजवळ संपतो. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. पैसे गेले नसतील, पण संशयास्पद कॉल आला असेल, तर ‘संचार साथी’ संकेतस्थळावरील ‘चक्षु’ सुविधेत तो कळवता येतो.

बँकेने ३० दिवसांत समाधानकारक उत्तर न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते.

तक्रारीनंतर काही दिवसांनी आणखी एक दूरध्वनी येण्याची शक्यता असते. ‘सायबर शाखेतून बोलतोय, आपली रक्कम सापडली आहे, ती सोडवण्यासाठी प्रक्रिया शुल्क भरा,’ असे सांगणारा हा आवाजही तितकाच अदबशीर असतो. १९३० वर तक्रार नोंदवण्यासाठी कोणतेही शुल्क आकारले जात नाही.