आपल्या किनाऱ्याला समुपदेशक हवेत

बारावीचा निकाल लागला की मोहल्ल्यातली चर्चा ठरलेली असते. मुलगी हुशार असेल तर डी.एड., फार्मसी, नर्सिंग, फार तर बी.यू.एम.एस. मुलगा असेल तर आखाताचा व्हिसा. अशा वेळी एखादी म्हणाली, "मला मानसशास्त्र घ्यायचंय," की घरातून पहिला प्रश्न येतो, "म्हणजे वेड्यांची डॉक्टर होणार? मग तुझ्याशी निकाह कोण करणार?" अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत हा प्रश्न आम्ही इतक्यांदा ऐकला आहे की एकदा त्याचं सविस्तर उत्तर द्यावं असं वाटलं.

आधी एक गोंधळ दूर करू. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एम.बी.बी.एस. होऊन पुढे त्या विषयात एम.डी. किंवा तत्सम शिक्षण घेतलेला डॉक्टर. औषधाची चिठ्ठी तो लिहितो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणजे मानसिक आजाराच्या चाचण्या आणि मानसोपचार यांचं खास प्रशिक्षण घेऊन भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदवहीत नाव लागलेली व्यक्ती. आणि समुपदेशक म्हणजे साधारणपणे मानसशास्त्रात एम.ए. करून, बोलण्याच्या आणि ऐकण्याच्या शास्त्रशुद्ध पद्धतीने माणसाला अडचणीतून वाट काढायला मदत करणारी व्यक्ती. तिच्याकडे येणारे बहुतेक जण तुमच्याआमच्यासारखेच असतात: झोप उडालेली सून, परीक्षेला घाबरलेला मुलगा, नोकरी सुटून परत आलेला बाप.

आपल्या भागात अशी माणसं किती आहेत याचा हिशेब कोणी ठेवत नाही. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने 2015-16 मध्ये 12 राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात महाराष्ट्र नव्हता, शेजारचा गुजरात होता. त्यात साधारण दहा प्रौढांमागे एकाला मानसिक आजार असल्याचं दिसलं. नैराश्य, चिंता यांसारख्या नेहमीच्या आजारांत सुमारे 85 टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते.

रायगडच्या किनाऱ्याची काही दुखणी खास आपली आहेत. कित्येक घरांत नवरा आखातात, वर्षा-दोन वर्षांनी महिनाभर येणारा. त्याच्यामागे सासू-सासरे, मुलांची शाळा, घराचं बांधकाम, सगळं एकटीच्या खांद्यावर. पैसा येतो म्हणून तक्रार करायचीही सोय नाही. मग 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा भागातल्या सुपारीच्या आणि नारळाच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. सुपारीचं रोप लावलं तर फळ धरायला पाच-सात वर्षं जातात. पंचनामे झाडांचे झाले, कौलांचे झाले. वारा सुटला की ज्या म्हाताऱ्याच्या छातीत अजून धडधडतं, त्याचा पंचनामा कुठल्या रकान्यात लिहायचा?

आता शिक्षणाबद्दल. पदवीला मानसशास्त्र असेल तर वाट सरळ आहे. पुढे दोन वर्षांचं एम.ए. मुंबई विद्यापीठाचा उपयोजित मानसशास्त्र विभाग कलिन्याच्या विद्यानगरीत आहे. देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतही हे शिक्षण मिळतं. घर सोडणं शक्य नसलेल्या भगिनींसाठी 2025 पर्यंत इग्नूचं एम.ए. होतं, त्याला कुठल्याही शाखेचा पदवीधर चालत असे आणि प्रात्यक्षिकही असे. मात्र एक लक्षात ठेवा. नुसत्या एम.ए.वर कोणी 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' अशी पाटी लावू शकत नाही. त्यासाठी पुनर्वास परिषदेने मान्य केलेलाच अभ्यासक्रम लागतो. आजवर तो दोन वर्षांचा एम.फिल. होता. ती पदवी बंद होत असल्याने परिषदेने नवे अभ्यासक्रम आणले आहेत, म्हणून पैसे भरण्यापूर्वी त्या वर्षीची मान्य संस्थांची यादी स्वतः पाहावी. तीन महिन्यांत 'सर्टिफाइड काउन्सेलर' करून देणाऱ्या जाहिरातींना आमचा लांबूनच सलाम.

अमेरिकेत या क्षेत्राच्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमात 100 तासांची सुरुवातीची प्रात्यक्षिकं आणि त्यानंतर 600 तासांची इंटर्नशिप, तीही अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली, पूर्ण करावी लागते; त्यापुढे राज्याचा परवाना. आपल्याकडे समुपदेशकाला असा परवाना लागत नव्हता. 2021 च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या राष्ट्रीय आयोग कायद्याने समुपदेशकांनाही नोंदणीच्या कक्षेत आणलं आहे. त्यामुळे आज शिकायला लागणाऱ्या मुलीने देखरेखीखाली केलेल्या प्रत्येक तासाची नोंद ठेवावी.

त्या दोन वर्षांत शिकवतात काय? सल्ला द्यायला शिकवत असतील असं वाटतं. खरं तर सल्ला न द्यायला शिकवतात. समोरची बाई रडायला लागली की आपण पटकन म्हणतो, "सब्र कर, अल्लाह सगळं ठीक करेल." हेतू चांगलाच असतो, पण तिचं बोलणं तिथेच थांबतं. विद्यार्थिनीला गप्प बसायला, नेमका प्रश्न विचारायला, जिवाला धोका आहे का हे स्पष्ट शब्दांत विचारायला शिकावं लागतं. झालेल्या संभाषणाचा शब्दन् शब्द लिहून गुरूपुढे ठेवायचा आणि "इथे तू घाई केलीस" हे ऐकून घ्यायचं. पुस्तकं बहुतेक इंग्रजीत. इकडे येणारी बाई 'डिप्रेशन' म्हणत नाही, ती म्हणते, "जीव लागत नाही, घाबरं होतं, डोकं जड झालंय." हा पूल आपल्या बोलीत वाढलेली मुलगीच बांधू शकते.

पण तिची खरी कसोटी गुप्ततेची. समुपदेशनाचा नियम सांगतो की नात्यातल्या, ओळखीतल्या व्यक्तीचं समुपदेशन करू नये. आपल्या गावांत नात्यात नाही असा माणूस शोधायचा कुठे? कोणाची भाची, कोणाची जाऊ, आणि कोण कोणाच्या दारात गेली हे मगरिबच्या आधी सगळ्यांना ठाऊक. म्हणून आम्हाला वाटतं, मुरूडच्या मुलीने म्हसळ्यात बसावं, म्हसळ्याच्या मुलीने मुरूडमध्ये. आगरदांडा-दिघी फेरीबोट आहेच की! खोली शाळेत किंवा दवाखान्यात असावी, म्हणजे जाणारी कशासाठी गेली हे कळत नाही.

दीनदार घरांतून एक शंका येते: हा ईमानाचा कमकुवतपणा तर नाही? बल्खचे अबू झैद अल-बल्खी हिजरी तिसऱ्या-चौथ्या शतकात होऊन गेले. शरीर आणि मन दोघांच्या निगेवर त्यांनी ग्रंथ लिहिला आणि कारण ठाऊक असलेलं दुःख वेगळं, कारणाशिवाय येणारं वेगळं, असा भेद केला. कैरोत 1284 मध्ये उभ्या राहिलेल्या कलाऊनच्या रुग्णालयात मनाच्या रुग्णांनाही जागा होती. उलट बाजूही आहे. 6 ऑगस्ट 2001 ला तामिळनाडूतल्या एरवाडीत, दर्ग्याजवळच्या एका खाजगी आश्रमात साखळदंडाने बांधलेले 28 मनोरुग्ण आगीत गेले. गुजरातेत उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात मात्र दुआ आणि दवा एकाच आवारात आणण्याचा प्रयोग झाला. दुआ कोणी सोडायला सांगत नाही.

पोटापाण्याचं काय? पगार डॉक्टरांइतका नाही, हे आधीच सांगतो. पण जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात पदं असतात, शाळा-महाविद्यालयांत समुपदेशक घेतात, अलिबागला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. टाटा संस्थेने 1984 मध्ये मुंबई पोलिसांबरोबर सुरू केलेला महिला व बालकांसाठीचा विशेष कक्ष पुढे राज्यभर पोहोचला. तिथे समाजकार्याची पदवी लागते, म्हणजे तोही एक रस्ता. खर्चासाठी मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्या शैक्षणिक कर्जाची चौकशी करावी.

यंदा बारावी झालेली मुलगी एम.ए. होऊन परत यायला निदान पाच वर्षं आहेत. तोवर ज्या घरात आज रात्री कोणाला झोप नाही, तिथे सरकारच्या टेलि-मानसचा 14416 हा नंबर लिहून ठेवा. फोन मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.