कोयत्याचे पाणी आणि चुंबकाचा धातू



ऊसतोड जवळ आली की बारामती-इंदापूरकडे लोहाराच्या भात्यापुढे कोयते गोळा होतात. लोहार कोयता लालबुंद तापवतो अन् धार पाण्यात बुडवतो. चर्र आवाज होतो. यालाच आपण ‘पाणी देणे’ म्हणतो. त्या क्षणी पोलादाच्या पोटात काय होते, ते आज पाहू.

तापलेले पोलाद हळूहळू निवले, तर त्यातले अणू सवडीने नव्या जागी बसतात. पोलाद मऊ राहते. एकदम निवले, तर सवड कुठली? मग सगळे अणू शेजाऱ्याचा हात न सोडता थोडेथोडे सरकतात. मधला कार्बन अडकतो, धार कठीण होते. मार्टेन्स या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावावरून या मांडणीला मार्टेन्साइट म्हणतात. मात्र पुन्हा बेताचा शेक दिला नाही, तर धारेचा तुकडा उडतो आणि तोडणाऱ्याचा रोज बुडतो. इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला इस्रोच्या अग्निबाणांसाठी कवचे बनली. त्यांच्या मॅरेजिंग पोलादाचा पायाही हीच मांडणी.

कोयत्यातले अणू सरकले की अडकतात. काही धातूंत ते परतही येतात. निकेल आणि टायटॅनियम यांची तार वाकवा, गरम पाण्यात सोडा. ती आपली आपण सरळ होते. आकार ‘आठवणारा’ धातू तो हाच.

पण उष्णता धातूत शिरायला आणि निघायला वेळ लागतो. हेच काम चुंबकाने झाले तर? निकेल, मँगनीज आणि गॅलियम यांच्या मिश्रधातूत ते होते. १९९६ साली उल्लाक्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चुंबकाने त्याच्या स्फटिकाची लांबी ०.२ टक्के बदलून दाखवली. पुढे हा बदल ६ टक्क्यांवर गेला. म्हणजे १०० मिलिमीटरची कांडी १०६ मिलिमीटर होते!

गुरुजी, मुलांपुढे वह्यांची चळत ठेवा. खालचा अर्धा भाग डावीकडे कलवा, वरचा उजवीकडे. मधे कोपर दिसेल. आता आणखी वह्या उजवीकडे कलवा. कोपर खाली सरकेल. धातूच्या पोटातही असेच निरनिराळ्या दिशांना कललेले पट्टे असतात. प्रत्येक पट्ट्याची एक बाजू आखूड असते, आणि त्याचे चुंबकत्व त्या आखूड बाजूलाच धरून राहते. कांडीला आडवे चुंबक लावले की ज्या पट्ट्यांची आखूड बाजू आडवी, ते वाढतात; बाकीचे आटतात. कांडी लांबते. चुंबक काढला तरी ती तशीच राहते. दाबली, किंवा चुंबकाची दिशा काटकोनात फिरवली, की पूर्ववत होते.

सूक्ष्म पंप आणि झडपा यांसाठी या धातूवर संशोधन चालते. अडचणीही आहेत. एवढा मोठा बदल हवा तर सबंध कांडी एकाच स्फटिकाची लागते, ती ठिसूळ असते, आणि फार तापली की गुण जातो.

तेव्हा धातू कोणता, एवढेच पुरेसे नाही. त्यातले अणू कसे बसलेत, हेही पाहावे लागते. पाणी बेताने देणारा आपला लोहार पिढ्यान्‌पिढ्या हेच सांभाळत आला आहे.