तिरळेपणा म्हणजे नशीब नव्हे!

वस्तीत एखाद्याचा डोळा तिरळा असला की 'चकण्या' हेच त्याचे नाव होते. लग्नाच्या बैठकीत मुलगी नाकारली जाते. वर, तिरळा डोळा भाग्याचा, त्याला हात लावू नये, अशी समजूत! ज्याला भाग्यवान म्हणायचे त्यालाच हिणवायचे, हे भाग्य आम्हाला मान्य नाही.

प्रत्येक डोळा सहा स्नायू फिरवतात. त्यांचा किंवा त्यांच्या नसांचा ताळमेळ बिघडला की नजर एका रेषेत राहत नाही. कारण आहे, तसा उपायही आहे. चष्मा, प्रिझमची भिंगे, काहींना बोटुलिनमचे इंजेक्शन, नाहीतर स्नायू सैल वा घट्ट करणारी शस्त्रक्रिया. लहानपणी मंदावलेली दृष्टी मोठेपणी सहसा पूर्ण परत येत नाही, काहींना दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया लागते, हे खरे. पण डोळे चाळिशी-पन्नाशीतही सरळ करता येतात. ही नटण्याची हौस नव्हे, उपचार आहे.

मोठेपणी एकाएकी एका वस्तूच्या दोन दिसू लागल्या तर अंगारे-धुपारे नकोत. त्यामागे मधुमेह, थायरॉईड किंवा पक्षाघातही असू शकतो. तातडीने दवाखाना गाठावा.

जन्माने कोणाचे भवितव्य ठरू नये म्हणून राजर्षी शाहूंनी १९०२ साली याच कोल्हापुरात मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखल्या. त्याच शहरातील सीपीआर हे सरकारी रुग्णालय आपले आहे. तेथील नेत्रविभागात जा, तपासणी करून घ्या, महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसते ते विचारा. विचारणे हा आपला हक्क आहे, भीक नव्हे.