अर्ज ऑनलाइन, गर्दी सेवा केंद्रात

१५ जानेवारी २०२१ ला राज्यातल्या १४,२३४ ग्रामपंचायतींची निवडणूक लागली होती. त्यातल्या ८७९ एकट्या सातारा जिल्ह्यातल्या, १५२ सांगलीतल्या. अर्जाची मुदत २३ ते ३० डिसेंबर, त्यात मधले तीन दिवस सुट्टीचे. अर्ज राज्य निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर भरायचा, घोषणापत्रही तिथेच. मग प्रिंट काढून, सही करून ती निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे नेऊन द्यायची. राखीव जागा असेल तर जात पडताळणीची कागदपत्रं वेगळी.

व्हायचं तेच झालं. इंटरनेट रखडलं, सर्व्हर अडकला, आणि शेवटच्या दिवशी कागदी अर्ज चालतील, तेही साडेपाचपर्यंत, असं आयोगाला जाहीर करावं लागलं. चर्चा झाली ती सर्व्हरची. पण सर्व्हर सुरळीत असता, तरी सगळ्यांना तो अर्ज सारखाच सोपा गेला असता का?

एस्टर हार्गिताई या समाजशास्त्रज्ञ बाईंनी असाच प्रश्न अमेरिकेत तपासला होता. न्यू जर्सीतल्या ५४ जणांना त्यांनी संगणकापुढे बसवून इंटरनेटवर ठरावीक माहिती शोधायला लावली आणि लागलेला वेळ मोजला. इंटरनेट सगळेच वापरत होते, तरी काहींना जे चटकन जमलं त्यासाठी इतर बराच वेळ चाचपडत राहिले. २००२ च्या त्या लेखात त्यांनी याला दुसऱ्या पातळीची डिजिटल दरी म्हटलं. पहिली दरी जोडणीची, दुसरी कौशल्याची. पहिली मोबाइल टॉवर उभारून बुजवता येते, दुसरी नाही.

माण-जतच्या दुष्काळी पट्ट्यात किंवा कोयनेच्या खोऱ्यात या दोन्ही दऱ्या एकावर एक येतात. हातात स्मार्टफोन असतो, रोज व्हिडिओ पाहिले जातात. पण ‘फाइलचा आकार जास्त आहे’ अशी सूचना आली की गाडी अडते. मग महा ई-सेवा केंद्र गाठायचं. म्हणजे उमेदवारीची पहिली पायरी चढवणारा माणूस केंद्रातला ऑपरेटर. तो कुणाच्या ओळखीचा, कुणाच्या पॅनेलचे अर्ज आधी घेतो, पासवर्ड कुणाच्या वहीत राहतो, याला महत्त्व येतं. पॅनेलप्रमुख गठ्ठ्याने अर्ज भरून घेतो. एकटी उभी राहणारी बाई मजुरी बुडवून बाकड्यावर बसते.

बाईचा मुद्दा आकड्यांतही दिसतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशात इंटरनेट कधीतरी वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के होत्या, पुरुष ५७. आपल्याकडे ग्रामपंचायतीत स्त्रियांना निम्म्या जागा राखीव आहेत. जागा तिची, फोन मात्र बऱ्याचदा नवऱ्याचा.

इंटरनेटमुळे गरिबालाही राजकारणात आवाज मिळेल, ही आशा अमेरिकेतही होती. श्लोझमन, व्हर्बा आणि ब्रॅडी या राज्यशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये दाखवलं की तिथे ऑनलाइन राजकीय सहभागही मुख्यतः शिकलेल्या आणि कमावत्या वर्गाचाच असतो.

माझं मत विचाराल तर कागदी अर्जाची सवलत शेवटच्या दिवसापुरती नको, पहिल्या दिवसापासून हवी. कारण ऐनवेळी ती मिळाल्याची बातमीसुद्धा आधी पोचते ती व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर.