'साइन'च्या पोटातली जीवा

सर्दी जुनी झाली की डॉक्टर 'सायनस'चं नाव घेतात. त्रिकोणमितीच्या तासाला फळ्यावर 'साइन' येतं. नाकातलं दुखणं आणि गणितातलं गुणोत्तर, दोघांना नाव देणारा शब्द एकच आहे. लॅटिनमध्ये सायनस म्हणजे पोकळी, खोलगट जागा, अंगावरच्या वस्त्राची छातीशी पडलेली घडी. कपाळाच्या आणि गालांच्या हाडांतल्या पोकळ्यांना हे नाव शोभतं. पण समोरची बाजू भागिले कर्ण, यात पोकळी कुठून आली?

त्यासाठी इ. स. ४९९च्या सुमाराला, आर्यभटाकडे जावं लागतं. वर्तुळाचा एक तुकडा डोळ्यांसमोर आणा. वाकलेली कड म्हणजे धनुष्य, तिची दोन टोकं जोडणारी सरळ रेषा म्हणजे दोरी. संस्कृतात या दोरीला ज्या किंवा जीवा म्हणतात. टॉलेमीसारखे ग्रीक ज्योतिषी सबंध दोरीची लांबी मोजत. भारतीयांनी अर्धी दोरी घेतली, कारण ती घेतली की काटकोन त्रिकोण आपोआप हाती येतो आणि ग्रहांचं गणित सोपं होतं. आर्यभटाने ३४३८ त्रिज्येच्या वर्तुळासाठी, दर पावणेचार अंशांनी, अशा २४ अर्धज्यांचं कोष्टक दिलं. त्यात ३० अंशांची अर्धज्या १७१९ येते, त्रिज्येच्या बरोबर निम्मी. आजच्या कॅल्क्युलेटरवर साइन ३० काढलं तरी उत्तर तेच, ०.५. रोजच्या वापरात 'अर्ध' गळून पडलं आणि नुसती ज्या किंवा जीवा उरली.

आठव्या शतकात भारतीय ज्योतिषाचे ग्रंथ बगदादला पोहोचले. अरबी पंडितांनी 'जीवा'चं भाषांतर केलं नाही. कानाला लागला तसा 'जीबा' लिहून घेतला. अरबीत त्याला काही अर्थ नव्हता. लिहिताना स्वरचिन्हं बहुधा गाळली जात, त्यामुळे तीच अक्षरं 'जैब' अशीही वाचता येत होती. हा शब्द मात्र अरबीत रुळलेला होता. त्याचा अर्थ अंगरख्याचा गळा, छातीशी पडणारी घडी. हिंदीतली 'जेब' याच शब्दातून आली. बाराव्या शतकात स्पेनमध्ये अरबी ग्रंथ लॅटिनमध्ये उतरवणाऱ्यांनी ओळखीचा अर्थ धरला आणि लिहिलं, सायनस. धनुष्याची दोरी अंगरख्याच्या घडीत हरवली. गणितात तसूभरही चूक झाली नाही, हे मला या प्रवासातलं सगळ्यात विलक्षण वाटतं. शब्द बिघडला, कल्पना शाबूत राहिली.

नुसता ध्वनी उचलला की असं होतं. आपल्या मुंगसाचंही तेच झालं. हा मराठी शब्द सतराव्या शतकात इंग्रजीत गेला आणि त्याच्या स्पेलिंगच्या शेवटी 'गूस' म्हणजे हंस येऊन बसला. हंसाशी या प्राण्याचं काही नातं नाही, म्हणून अनेकवचनही 'मंगूसेस' होतं, 'मंगीस' नाही.

मात्र उत्साहाच्या भरात प्रत्येक शब्द आपलाच म्हणू नये. कोसाइनमधला 'को' त्याच्या संस्कृत नावातून, 'कोटिज्या'तून आला, असं काही जण सांगतात. ते खरं नाही. एडमंड गुंटर या इंग्रज गणितज्ञाने १६२० मध्ये कोटिकोनाच्या, म्हणजे ९० अंश पुरे करणाऱ्या कोनाच्या, साइनला हे नाव दिलं आणि त्यातला 'को' हा पूरक या अर्थाच्या लॅटिन शब्दाचा आहे. कल्पना दोन्हीकडे सारखी, शब्दाचं कूळ वेगळं.

मराठी शाळेत 'वर्तुळाची जीवा' आजही शिकवतात. त्याच मुलांना साइनही शिकवतात, पण वेगळ्या धड्यात, काही संबंध नसल्यासारखं. गणिताच्या शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे: साइनच्या पहिल्या तासाला फळ्यावर एक धनुष्य काढा, त्याची दोरी मधोमध तोडा आणि शेजारी 'जीवा' हा शब्द लिहा.