नाल्याचा पूर आणि त्याचा हिशेब
नाला किती रुंद असावा, हे त्याच्या कमाल पुरावरून ठरते. त्यासाठी पाणलोटाचे क्षेत्र, पावसाचा ताशी वेग आणि न मुरता वाहून जाणारा हिस्सा यांचा गुणाकार करतात. मुंबईच्या जुन्या पर्जन्यजलवाहिन्यांसाठी ताशी २५ मिलिमीटर पाऊस व निम्मा हिस्सा गृहीत धरला होता. म्हणजे १०० हेक्टरांवरून सेकंदाला सुमारे साडेतीन घनमीटर पाणी. पुढे मोकळ्या जागा सिमेंटखाली गेल्या. आभाळ तेच, जमीन मात्र निराळी झाली! १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने ताशी ५० मिलिमीटर पाऊस आणि तो सर्वच वाहणार, असे धरावयास सांगितले. तेवढ्याच क्षेत्राचा पूर मग चौपट होतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा पुष्कळ नाले जुन्याच मापाचे होते.