‘पान्हा चोरणे’ : एक वाक्प्रचार व पशुवैद्यक

धार काढतेवेळी गाईचे दूध उतरले नाही, म्हणजे तिने ‘पान्हा चोरला’ असे मराठीत म्हणतात. येथील क्रियापद गाईवर हेतूचा आरोप करते. आणि चोरीमागोमाग शिक्षा ओघानेच येते. वस्तुतः पान्हा गाईच्या इच्छेच्या अधीन नाही. कासेला स्पर्श होताच मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीतून ऑक्सिटोसिन स्रवते व दूध उतरते. भयाने या क्रियेस खीळ बसते, हे अमेरिकेत एली व पीटरसन यांनी १९४१ मध्ये प्रयोगाने दाखविले. म्हणून मारलेली गाय अधिकच ‘चोरते’. कासेत दूध साचून राहिल्यास कासदाहास वाव मिळतो. उलटपक्षी कासदाहाच्या वेदनेनेही पान्हा अडतो. तस्मात् पशुवैद्याने हे वर्तन खोड न मानता लक्षण मानावे व प्रथम कास तपासावी.